घरातली गोष्ट, घराचे कवच

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळकरांना बेटांवरच्या भूकंपाशी काय कर्तव्य, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यातील ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने आपल्याही जिल्ह्याच्या काही भागांत भांडी वाजली, माणसे अंगणात धावली. अशा क्षणी काय करायचे, हे आपल्यापैकी किती घरांत आधी ठरलेले होते?

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राजवळच्या सिम्युलू या इंडोनेशियाच्या बेटावर काही मिनिटांतच लाटा येऊन धडकल्या. तरीही सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर मृत्यू झाले ते अवघे सात. तेथे १९०७ साली अशाच लाटेने गावे गिळली होती. त्या आठवणीला बेटवासीयांनी ‘स्मोंग’ असे नाव दिले आणि आज्यांनी ती गोष्टींतून, अंगाईतून नातवंडांपर्यंत पोहोचवली. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर डोंगराकडे पळा, एवढेच त्या गोष्टीचे सार. कोणतेही यंत्र नव्हते. औषध होते ते घरातल्या संवादाचे.

आपल्या निकोबार बेटांवर मात्र किनाऱ्याची गावेच्या गावे वाहून गेली. वाचलेली कुटुंबे पुढे कित्येक वर्षे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. धरणी काही मिनिटांत शांत होते. माणसाचे मन आणि संसार सावरायला फार काळ लागतो.

महाराष्ट्रानेही हे सोसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या रात्री गणेश विसर्जन करून माणसे गाढ झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून हजारो जीव गेले. जीव घेतला तो बहुतांशी घरांनी.

म्हणून या पंधरवड्यात एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून एवढे ठरवावे. पक्क्या घरात असताना धक्का बसला, तर खाली वाकून मजबूत टेबलाखाली जावे, डोके झाकावे आणि टेबलाचा पाय घट्ट धरावा. जुन्या मातीच्या घरात दार जवळ असेल, तर मोकळ्या जागेत यावे. भिंतीजवळ वा विजेच्या तारांखाली थांबू नये. हादरा थांबल्यावर गॅस व विजेचे मुख्य बटण बंद करावे. आजीआजोबांची रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह एका पिशवीत दाराजवळ ठेवावीत. कोकणात सहलीला गेला असताना जमीन दीर्घकाळ हलली, तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. सिम्युलूच्या आजीचे शहाणपण तेथे कामी येईल.

धक्क्यानंतर मुले दचकतात, एकटी झोपत नाहीत, पुन्हापुन्हा तेच विचारतात. त्यांना रागावू नका. खरे उत्तर सोप्या शब्दांत द्या आणि शाळा, जेवण, झोप यांची वेळ पूर्ववत ठेवा. दूरदर्शनवरील पडझडीची दृश्ये सारखी दाखवू नका. मोठ्यांनाही असे होते, आणि ते दुर्बलतेचे लक्षण नव्हे. महिनाभरानंतरही झोप उडत असेल, धडकी भरत असेल, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

किल्लारीची आठवण असलेली वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना बोलते करा आणि मुलांना जवळ बसवा. भीती घालण्यासाठी नव्हे, तर त्या सिम्युलूच्या आज्यांप्रमाणे, पुढच्या पिढीच्या हाती काही सोपवण्यासाठी.