आधी विचारा, ‘झोप लागते का?’

‘सकारात्मक राहा’ हा सल्ला देणे सोपे. पण मन हुकमाने हसत नाही, ते सवयींनी सावरते. वेळेवर झोप, रोज अर्धा तास चालणे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द यांनी मनाला उभारी येते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातही सुखी आयुष्याचे मूळ जिव्हाळ्याच्या नात्यांत आढळले. मात्र उदासी दोन आठवडे हटली नाही, झोप-भूक बिघडली, आवडीचे कामही नकोसे झाले, तर ते नैराश्य असू शकते. अशा माणसाला उपदेश पुरत नाही, उपचार लागतात. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास समुपदेशक बोलतात. ‘आनंदी राहा’ म्हणण्याआधी घरच्यांनी ‘झोप लागते का?’ एवढे विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.