पायावरचे जांभळे ठिपके

पायावर लाल-जांभळे ठिपके उठले की आपल्याकडे पहिला निकाल लागतो, ‘उष्णता झाली.’ दुसरा शेजारणीचा, ‘लागट दिसतंय, पोराला दूर ठेवा.’ मग दुकानातून मलम येते. आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. परंतु वस्तीतल्या रुग्णांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहून जे समजले ते बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

शरीराची रोगाशी लढणारी शक्ती कधी आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. त्या सुजतात आणि बारीक वाहिन्यांतून रक्त कातडीखाली झिरपते. याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. तो शिवल्याने होत नाही, म्हणून पोराचे ताट वेगळे करू नका. (वेगळे ताट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.)

काचेचा पेला ठिपक्यावर दाबून पाहा. साधे पुरळ बहुधा फिके पडते, झिरपलेले रक्त तसेच दिसते. तसे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत ताप असेल तर रात्रही काढू नका. डेंग्यूत आणि रक्तात जंतू पसरल्यावरही असे ठिपके येतात.

मुलांत हा आजार बरेचदा सर्दी-घसादुखीनंतर येतो. पायांवर, ढुंगणावर ठिपके, घोटे-गुडघे सुजलेले, पोटात कळा. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात, आणि घरचे फसतात ते इथेच. पोर खेळू लागले की दवाखाना सुटतो. पण मूत्रपिंडाला इजा झाली असेल तर ती दुखत नाही. लघवीतून रक्त आणि प्रथिने जात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून ठिपके गेल्यावरही निदान सहा महिने, डॉक्टर सांगतील त्या तारखांना, लघवी आणि रक्तदाब तपासावा लागतो. रोजंदारीवरच्या बापाला प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा, हे आम्ही जाणतो. आई, मामा, मोठी बहीण, कुणीही जावे. पण तारीख चुकवू नये.

मोठ्या माणसांत पाऊल लुळे पडणे, हातापायाला मुंग्या, खोकल्यातून रक्त अशीही लक्षणे दिसतात. नवे औषध सुरू केल्यावर ठिपके आले असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. काहींना स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी तोंड सुजते म्हणून कुणी त्या मनानेच बंद करतात. अनेक आठवडे घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकते. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात.