जुन्या संगणकाला हलके सॉफ्टवेअर द्या

सोलापुरातल्या एखाद्या ग्रंथालयात जुना संगणक पीडीएफ उघडताना दमत असेल, तर दोष सरसकट यंत्राला देऊ नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके, अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाचे अभ्यासक्रम, सातबारा हे सारे पीडीएफमध्ये मिळते. पण हे स्वरूप २००८पासून खुले आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते वाचायला अमुकच कंपनीचे भारी सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्सवरचे ‘झथुरा’ हे मुक्त सॉफ्टवेअर पाहा: ना बटणांची रांग, ना जाहिराती, पडदाभर फक्त पान. ‘जे’ने खाली, ‘के’ने वर, ५० टाइप करून मोठा ‘जी’ दाबला की थेट पन्नासावे पान.

कळा पाठ कोण करणार, हा आक्षेप रास्तच. पण वाचनाला पाच-सहा कळा पुरतात आणि बाणांच्या कळाही चालतात. अर्ज भरायला किंवा डिजिटल सही करायला दुसरे सॉफ्टवेअर ठेवावेच लागेल. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मराठी शब्द शोधूनही सापडणार नाही. तो मात्र फाइल बनवणाऱ्याचा दोष. तरीही रोजचे काम मुख्यतः वाचनाचेच असेल, तर नव्या संगणकांची निविदा काढण्याआधी हा बिनखर्ची उपाय करून पाहायलाच हवा.