परिषद स्वस्तच हवी

स्वतंत्रपणे गाणी करणाऱ्या कलाकारांसाठी संगीत-व्यवसायाची परिषद भरवावी आणि तिचं शुल्क स्टुडिओच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी ठेवावं, अशी मागणी केली की तीन आक्षेप हमखास येतात. कलाकारानं रियाज करावा, व्यवहाराच्या भानगडीत पडू नये, हा पहिला. सगळी माहिती मोबाइलवर फुकट मिळते, मग परिषद कशाला, हा दुसरा. आणि स्वस्तात दर्जेदार काही होत नाही, हा तिसरा. आक्षेप घेणारी मंडळी संगीतावर प्रेम करणारीच असतात. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

व्यवहारापासून दूर राहिलं की कला शुद्ध राहते, याला आपल्या इतिहासात आधार सापडत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या देणग्यांवर आणि तिकीट लावून केलेल्या जलशांच्या उत्पन्नावर. त्या व्यवहारानं गाणं बाटलं नाही, उलट ते दरबाराबाहेर पडून सामान्य घरांत शिरलं. बालगंधर्वांच्या गाण्यानं महाराष्ट्र वेडा केला, तरी गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. गळ्यात काहीच उणं नव्हतं, हिशेबाची बाजू मात्र कुणी सांभाळली नाही. कॅसेटच्या जमान्यात कितीतरी लोकगायकांनी एकरकमी बिदागी घेऊन गाणी देऊन टाकली. ती गाणी वर्षानुवर्षं वाजत राहिली, पण गायकाच्या घरी पुन्हा पैसा आला नाही. रियाज कमी पडला म्हणून हे घडलं, असं कोण म्हणेल?

आज तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा झाला आहे. नव्या गायकापुढे येणाऱ्या करारात एक वाक्य बहुधा असतंच: सर्व हक्क, सर्व माध्यमं, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी. ‘नेहमीचंच आहे, सही करा’ असं सांगितलं जातं आणि सही होते. कॉपीराइट कायदा काय म्हणतो, ते त्या क्षणी सांगणारं जवळ कुणी नसतं. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व प्रदेश’ हे शब्द इतक्या आवर्जून घातले जातात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाट्यानं रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, आणि याविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या ढोलकीवाल्यालाही कायदा कलावंत मानतो आणि व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क देतो. हे ज्याला माहीत नाही, त्याच्यापुरता कायदा असून नसल्यासारखाच.

आता मोबाइलवरच्या माहितीकडे वळू. तिथले बरेचसे धडे अमेरिकेतल्या कलाकारांसाठी केलेले असतात. सादरीकरणाची रॉयल्टी एका संस्थेकडून आणि प्रती काढण्याची दुसरीकडून घ्यायची, असं ते सांगतात. आपल्याकडे गीत-संगीताच्या या दोन्ही हक्कांचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, पाहते. गायक-वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. शिवाय व्हिडिओला आपला कागद दाखवता येत नाही. एका गाण्यावर गीतकाराचं पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं असतील, तर पैसे जुळवताना घोळ होतो. वितरकाच्या फॉर्ममध्ये संगीतकाराचा रकाना रिकामा राहिला, तरी तेच. असली चूक समोर बसलेला जाणकार पाच मिनिटांत दाखवून देतो. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. मग नव्या कलाकारानं दर महिन्याला एक गाणं सोडायचं, की थोडी गाणी करून ती नीट लोकांपर्यंत पोचवायची? याचं उत्तर ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर ठरतं आणि ते संवादातूनच निघतं.

तिसऱ्या आक्षेपात मात्र थोडं तथ्य आहे. शुल्क कमी ठेवलं की आयोजक प्रायोजकांवर विसंबतात आणि व्याख्यानांच्या जाहिराती होतात. हा धोका खरा आहे, पण शुल्क वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हजारो रुपयांची प्रवेशिका काढून पंचतारांकित हॉटेलात भरणाऱ्या परिषदांनाही प्रायोजक लागतातच. फरक एवढाच की तिथे कंपन्या कंपन्यांना भेटतात. त्या भेटींनाही त्यांचं स्थान आहे. पण ज्याच्या गाण्यावर हा व्यवसाय उभा आहे, तो दाराबाहेरच राहतो. त्यापेक्षा नियम करावा: प्रायोजकाचं नाव फलकावर येईल, वक्ता मात्र त्यानं ठरवायचा नाही. कॅलिफोर्नियातली टॅक्सी ही संस्था आपली ‘रोड रॅली’ ही संगीत-व्यवसायाची परिषद सभासदांना वेगळं शुल्क न घेता खुली ठेवते. वर्गणीवर परिषद चालवता येते, याचा हा जिवंत पुरावा. आणि परिषदेतून काय उभं राहू शकतं हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. भातखंड्यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. पुढच्या परिषदांमधल्या चर्चेतून १९२६ साली लखनौचं संगीत महाविद्यालय उभं राहिलं.

म्हणून माझी मांडणी अशी. परिषद दोन दिवसांची असावी आणि आषाढात भरावी. तेव्हा लग्नसराई संपलेली असते, गणपतीची धावपळ सुरू व्हायची असते आणि वादकांच्या तारखा मोकळ्या असतात. जागा कोल्हापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या महाविद्यालयाचं सभागृह, राहायला वसतिगृह, जेवायला पंगत. शुल्क पाचशे रुपये, आणि विद्यार्थ्यांना व लोककलावंतांना त्याहून कमी. भाषा मराठी. व्याख्यानं मोजकीच, टेबलं जास्त. एका टेबलावर वकील बसेल आणि प्रत्येकाचा करार वीस मिनिटं वाचेल. दुसऱ्यावर पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि गाण्यांची यादी घेऊन येणाऱ्याचा आयपीआरएसचा किंवा इसाम्राचा अर्ज तिथल्या तिथे भरून होईल. तिसऱ्यावर ध्वनिमुद्रक, वितरक आणि कार्यक्रमांचे आयोजक आपापले दर उघडपणे सांगतील. शाहीर, रॅपर, भजनी मंडळातला पेटीवाला आणि बेडरूममध्ये गाणी करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी एकाच रांगेत बसतील. कुणाला किती बिदागी मिळते हे एकमेकांना कळलं, की कमी दरात राबवून घेणं आपोआप अवघड होतं.

आयपीआरएस जागृतीच्या कार्यशाळा घेते. विद्यापीठांचे संगीत विभाग आहेत, सभागृहं आहेत, गावोगावी संगीत मंडळं आहेत. कमतरता आहे ती यांना एकत्र आणण्याच्या निश्चयाची. हक्कांचं ज्ञान कलाकाराला सही करण्याआधी मिळायला हवं, आणि सही करण्याआधी त्याच्या खिशात फारसं काही नसतं. त्या खिशाला परवडत नसेल, तर ती परिषद कितीही दिमाखदार असली तरी त्याच्या कामाची नाही.