खडबडीत भिंतीच्या बाजूने

(द्वितीय वर्ष कला)

‘भिंत कशी आरशासारखी हवी!’ हे वाक्य बार्शीतल्या रंगकाम करणाऱ्या माणसाला उठता-बसता ऐकावे लागते. माझे वडील पुट्टीचे व रंगाचे काम करतात, आणि सुट्टीत मीही त्यांच्या हाताखाली असतो. म्हणून प्राध्यापकांना व मित्रांना माझे एक मत सांगावेसे वाटते: जिप्समच्या भिंतींना आणि छतांना गुळगुळीतपणाचा हट्ट धरू नये.

हल्ली दुकानांतून, नव्या घरांतून जिप्समच्या तक्त्यांचे आडोसे व छते होऊ लागली आहेत. पत्र्याच्या सांगाड्यावर तक्ते स्क्रूने बसवायचे, सांध्यांवर जाळीची पट्टी चिकटवायची, वर लांबीचे दोन-तीन हात द्यायचे. इतके करूनही सांधा किंचित फुगीर राहतोच. खिडकीतून तिरपा उजेड आला, की त्या फुगवट्याची सावली पडते आणि मालक बोट दाखवतो. मग घासा! छत असेल तर मान वर करून, तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांत भुकटी घेत तासन् तास घासायचे.

रुमालाने ही धूळ अडत नाही. लांबीत चुनखडी, जिप्सम, संगजिरे असते. काहींत गारेची अतिबारीक भुकटीही असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. आरशासारख्या छताची किंमत सांगताना हा हिशेब कोण धरतो?

खडबडीत लेपात हा जाच पुष्कळ कमी. दाट लेप रोलरने चढवावा. ओला असतानाच त्यावर स्पंज टेकवावा, दातेरी थापी फिरवावी, किंवा उठलेले कंगोरे सपाट थापीने हलकेच दाबावेत. मग भिंतीवर असंख्य बारीक सावल्या पडतात आणि सांध्याची सावली त्यांत हरवून जाते. सांधे नीट भरावे लागतातच, पण अखेरचे ते निर्दय घासणे वाचते. राहिलेला उंचवटा ओल्या स्पंजाने पुसला तरी भागते.

यात नवे ते काय? माझ्या आजीच्या घरी माती, शेण नि भुसा तुडवून गिलावा होई, आणि सारवताना तिच्या बोटांचे अर्धगोल भिंतीवर उमटत. तो म्हणे मागासपणा! तेच अर्धगोल दिवाणखान्यात चौरस फुटाच्या दराने काढून घेतले, की ती कलाकुसर. अजिंठ्याच्या कारागिरांनीही दगड खडबडीतच ठेवला होता. त्यामुळे भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू कालवलेला मातीचा लेप त्याला धरून राहिला.

जुने ते सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. डोक्यावर हलके छत असलेले बरेच.

खडबडीत भिंतीवर धूळ बसते हे खरे, आणि स्वयंपाकघरात तर तेलकट काजळी तिच्या खाचांत अडकते. तिथे गुळगुळीतच ठेवावे. दुसरी अडचण दुरुस्तीची. ओल येऊन एखादा तुकडा बदलावा लागला, तर जुन्या खडबडीशी नवी सहजी जुळत नाही. यासाठी वडील कोणता रोलर वापरला आणि थापी कोणत्या बाजूने फिरवली, ते कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहून येतात.