गिलाव्याआधी एक रिकामी नळी



वैरागमध्ये सकाळी एक फेरी मारा. कुठे पाया खणला जात असतो, कुठे स्लॅबखाली सेंट्रिंगचे टेकू उभे असतात, तर कुठे गवंडी गिलाव्याला हात घालण्याच्या तयारीत असतो. नव्या घरात कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत गुंतलेली असते. म्हणून फरशी कोणती, दाराला लाकूड कोणते, भिंतीला रंग कोणता, यावर घरात महिना महिना खल चालतो. परंतु टेलिफोनची, टीव्हीची आणि इंटरनेटची तार कोठून आत येणार व कोठवर जाणार, हा प्रश्न विचारणारे घर क्वचितच आढळते.

मग काय होते? वास्तुशांत पार पडते, पाहुणे परत जातात आणि आठवड्याभरात इंटरनेट जोडणारा माणूस दारात उभा राहतो. त्याला लवकर काम संपवायचे असते. तो खिडकीच्या चौकटीशेजारी ड्रिलने भोक पाडतो, तार दाराच्या वरून, देवघराच्या कडेने ओढतो आणि खिळ्यांनी ठोकून निघून जातो. पुढे टीव्हीची छत्री येते, आणखी एक भोक पडते. कॅमेरे बसवायचे ठरते, आणखी चार भोके. पावसाळ्यात त्याच भोकांतून ओल उतरते. नव्या घराची ही दशा पाहून वाईट वाटते, कारण ती टाळणे अगदी सोपे होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्लॅब टाकण्याआधी आणि गिलावा होण्याआधी या तारांसाठी वेगळ्या, रिकाम्या नळ्या भिंतीत ठेवाव्यात. आज तार घातली नाही तरी चालेल, पण नळी हवीच.

तार बदलते, नळी राहते

तार न घालता नळी का, असे कुणी विचारील. उत्तर इतिहासातच आहे. बेलने टेलिफोनचे पेटंट १८७६ साली घेतले, तेव्हापासून घरात शिरणाऱ्या तारेने कितीतरी रूपे बदलली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात अनेक घरांत ॲन्टेनापासून टीव्हीपर्यंत चपटी दुपदरी तार असे. नंतर गोल, जाड समाक्ष तार आली. संगणकासाठी आठ तारांची, चार जोड्यांची केबल आली. आता केसासारखा बारीक काचेचा तंतू दारापर्यंत पोहोचतो आहे. ग्रामपंचायतींपर्यंत असे तंतू नेण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली आणि पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

घर पन्नास वर्षे उभे राहावे अशी आपली अपेक्षा असते. एवढ्या काळात तार तीन-चार वेळा तरी बदलणार. ती कोणती असेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. जे सांगता येत नाही त्यासाठी जागा राखून ठेवणे, यालाच मी नियोजन म्हणतो.

‘आता सगळे बिनतारी आहे की!’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो पोकळ नाही. मोबाइल आणि वायफाय यांमुळे तारा खरोखरच कमी झाल्या आहेत. पण बिनतारी प्रवास हा शेवटच्या काही मीटरांचा असतो. वायफायच्या पेटीपर्यंत माहिती तारेनेच येते.

शिवाय भिंती आड येतात. वायफायच्या लहरींची वारंवारता साधारण २.४ किंवा ५ गिगाहर्ट्‌झ असते. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेने भागा. तरंगलांबी अनुक्रमे १२.५ सेंटिमीटर आणि ६ सेंटिमीटर येते. स्लॅबमधील लोखंडी सळयांची जाळी आणि ओलसर काँक्रीट यांतून जाताना या लहरींची बरीच शक्ती खर्ची पडते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत तर दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती. त्यांतून लहर पलीकडे जाईल तरी किती!

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा ‘रेंज’ शोधत गच्चीवर आणि झाडाखाली बसलेली मुले तुम्ही पाहिली असतील; कदाचित तुम्ही त्यांतलेच एक असाल. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. क्यूआर कोड जोडलेली पाठ्यपुस्तके हे त्यांचे गाजलेले काम. खेड्यातील मुलाच्या हाती जगातले ज्ञान पोहोचू शकते, हे त्यांनी दाखवले. मग ते ज्ञान घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन मुलाच्या अभ्यासाच्या खोलीबाहेर अडावे, हे पटते का?

अर्थात सर्वांना सारखे नियम लावू नयेत. घरकुल योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असते. एवढ्या घराला वायफायची एक पेटी पुरते. तिथे दारापासून घराच्या मध्यापर्यंत एकच नळी ठेवली की काम झाले. चार-पाच खोल्यांच्या दुमजली घराला मात्र नीट आराखडा लागतो.

आराखडा कसा असावा

घरात एक मध्यवर्ती पेटी ठरवा. बाहेरून येणारी प्रत्येक तार तिथे यावी आणि तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र नळी जावी, चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत तशी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माळ ओवू नका. माळेत एक सांधा निसटला की पुढच्या सगळ्या खोल्या मुक्या होतात.

पेटी स्वयंपाकघराच्या वाफेपासून आणि न्हाणीच्या भिंतीपासून दूर, वारा लागेल अशा जागी हवी. तिच्याजवळ विजेचा पॉइंट हवा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तो पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यावा. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने वीज मिळे. म्हणून दिवे गेले तरी तो चाले. काचेचा तंतू वीज वाहून आणू शकत नाही. वीज गेली की प्रकाशसंदेश घेणारी पेटी बंद, आणि तिच्यावर चालणारा फोनही बंद.

नळीची जाडी किती? इथे थोडे गणित करू. संगणकाच्या केबलचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर असतो. २५ मिलिमीटरच्या नळीचा आतला व्यास २१ धरू. क्षेत्रफळे व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. म्हणजे एक केबल ३६ भागिले ४४१, म्हणजे सुमारे ८ टक्के जागा घेते. नळी ४० टक्क्यांहून अधिक भरू नये असा संकेत आहे. म्हणजे चार केबली सुखाने मावतात.

वळणांचेही गणित आहे. ओढताना तार वळणाच्या कडेवर घासते आणि लागणारे बल दर वळणाला पटीने वाढते. एका वळणाला ते दीडपट होते असे समजा. दोन वळणांना सव्वादोनपट आणि चार वळणांना पाचपट! म्हणून दोन ओढपेट्यांच्या दरम्यान दोनांपेक्षा अधिक काटकोनी वळणे नकोत. एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरावा. काचेच्या तंतूला तर तो हवाच. प्रकाश तंतूत टिकतो तो पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे. वळण फार तीव्र झाले की प्रकाश बाहेर गळतो. आणि प्रत्येक नळीत एक दोरी ओवून ठेवायला विसरू नका. पुढची तार त्या दोरीला बांधूनच आत जाणार आहे.

खरा धोका

इथपर्यंतचा मुद्दा सोयीचा होता. आता जिवाचा मुद्दा. जागा वाचवण्यासाठी काही ठिकाणी विजेच्याच नळीत टेलिफोनची किंवा इंटरनेटची तार सारतात. हे कधीही होऊ देऊ नका. विजेच्या तारेचे आवरण एखाद्या ठिकाणी सोलले, तर २३० व्होल्ट थेट त्या तारेवर येऊ शकतात. विद्यार्थी जिला निर्धास्तपणे हात लावतो, ती हीच तार!

धोका टळला तरी गोंगाट राहतो. विजेच्या तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० आवर्तने करते आणि शेजारच्या तारेत नको ते विद्युत्‌दाब निर्माण करते. बेलने १८८१ साली यावर तोडगा काढला: दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. एका पिळात निर्माण झालेला दाब पुढच्या पिळातील उलट दाबाने बराचसा नाहीसा होतो. तरीही दोन्ही नळ्यांत फूटभर अंतर राखावे, आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे.

वळवाच्या पावसात कडाडणारी वीज आपल्या भागाला नवी नाही. गच्चीवरच्या छत्रीला योग्य अर्थिंग हवे. शेजारच्या घरात किंवा शेतातल्या खोलीत तांब्याची तार उघड्यावरून ताणून नेऊ नये. तिथे काचेचा तंतू चांगला, कारण तो वीज वाहत नाही. मात्र त्याच्या केबलमध्ये लोखंडी तार नाही ना, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे यांखाली सापडली. त्यानंतर या सगळ्या परिसराने काँक्रीटचे खांब आणि तुळया यांवर भरवसा ठेवला. नंतर सुचलेल्या तारेसाठी त्याच खांबात खाच पाडणे, सळई उघडी करणे, म्हणजे एवढी किंमत मोजून घेतलेला धडा विसरणे होय. आधी ठेवलेली नळी ही वेळच येऊ देत नाही.

तुम्ही काय कराल?

तुम्ही म्हणाल, घर वडील बांधतात, आमचे कोण ऐकणार? ऐकतील. एका आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढा. विजेच्या नळ्या तांबड्या आणि या नळ्या निळ्या रेघेने दाखवा. तो कागद घेऊन गवंडीकाका आणि वायरमन यांच्याकडे जा. त्यांचा अनुभव विचारा आणि नकाशा दुरुस्त करा. गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून मोबाइलवर छायाचित्र घ्या. पुढे खिळा ठोकताना तेच छायाचित्र तुमचा जीव वाचवील.

शिक्षकांनाही एक विनंती. विद्युत्‌धारेचा पाठ शिकवाल तेव्हा वर्गाला गावातले एक अर्धवट बांधलेले घर दाखवून आणा. गिलावा झालेल्या भिंतीत काय दडले आहे, हे नंतर कुणालाच दिसत नाही. ते पाहण्याची संधी काही दिवसांचीच असते.