ढगाचा माथा किती थंड?

चैत्र-वैशाखातली दुपार. रांचीच्या आसपास, छोटा नागपूरच्या पठारावर ऊन रणरणत असते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते, तिला बंगालच्या उपसागरावरून आलेल्या दमट वाऱ्याची साथ मिळते आणि आकाशात कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग दिसू लागतात. त्यांतले बरेचसे विरून जातात. एखादा मात्र वाढत राहतो आणि संध्याकाळी विजा पाडत बंगालच्या मैदानावर कोसळतो. हीच ती कालबैसाखी. महाराष्ट्रातला वळीव तिचाच भाऊबंद.

एवढ्या ढगांतला हा घातकी ढग ओळखायचा कसा? जमिनीवरून सगळे सारखेच दिसतात.

पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेले भारताचे इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे उपग्रह ढगांची केवळ छायाचित्रे घेत नाहीत. ते ढगांच्या माथ्यांचे तापमानही मोजतात. प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर पडत असतात. तेच टिपून हे मोजमाप होते, म्हणून रात्रीच्या काळोखातही ते चालते. हवा वर जावी तशी थंड होत जाते. तेव्हा माथा जितका थंड, तितका ढग उंच. वादळी ढगाचा माथा शून्याखाली ६० अंश सेल्सिअसच्याही पलीकडे जातो.

पण ढग तेवढा उंच होईपर्यंत थांबले, तर उशीर झालेला असतो. शेगडीवर दूध ठेवलेली गृहिणी दूध किती वर आले यापेक्षा किती भराभर वर येते आहे, ते पाहते. हवामानतज्ज्ञही तेच करतात. लागोपाठच्या चित्रांत माथा किती वेगाने थंड होतो, यावर त्यांची नजर असते. अमेरिकेत कोलोरॅडोच्या परिसरातील वादळांवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांत माथा आठ अंशांहून अधिक थंड होत असेल, तर ढग जोमाने वाढतो आहे, असे त्यात आढळले. रडारवर जोरदार पाऊस दिसण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ही खूण मिळू शकते.

अडचणीही आहेत. आपल्या या उपग्रहांच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका सुमारे चार किलोमीटरचा. त्याहून लहान, कोवळा ढग त्यात हरवून जातो. उलट ढग मोठा झाला की त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो आणि खाली काय चालले आहे, ते झाकून टाकतो. तिथून पुढे डॉप्लर रडार आणि जमिनीवरची विजा टिपणारी यंत्रे कामाला येतात. या सर्वांच्या आधारे हवामान खाते पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते.

भारतात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत उघड्या शेतात काम करणारे पुष्कळ. इशारा येतो फोनवर, आणि फोन बहुधा घरी राहिलेला असतो. घरातल्या कोणी तो वाचून बांधापर्यंत हाक पोहोचवली, तर अर्धा तास पक्क्या घरात परतायला पुरतो. वाटेत झाडाखाली थांबू नये, हेही त्याच हाकेत सांगावे.